एकाच मापाचे दोन टायर

रायपूरला उन्हाळ्यात पारा कित्येकदा ४४ अंश सेल्सियसपलीकडे जातो, आणि पावसाळ्यात तेच रस्ते निसरडे होतात. मोटारीची रस्त्याशी गाठ मात्र टायरच्या तळहाताएवढ्या चार भागांपुरतीच असते. म्हणून टायर बदलताना केवळ माप जुळणे पुरेसे नाही.

काही मोटार-कारखाने आपल्या विशिष्ट गाडीसाठी टायर घडवून घेतात. गाडीचे वजन व ठेवण पाहून रबराचे मिश्रण, आतील सांगाडा वा नक्षी यांत फरक केला जातो. अशा टायरच्या बाजूवर खूण असते: बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, पोर्शसाठी ‘एन’ व पुढे अंक. खूण नसलेला सर्वसाधारण टायर हलक्या प्रतीचा असतो, असे नव्हे. तो अनेक गाड्यांस चालावा असा बेतलेला असतो.

धोका आहे तो सरमिसळीत. एकाच आसावरील दोन चाकांस भिन्न जातींचे टायर असल्यास ब्रेक दाबताच दोहोंची पकड सारखी राहत नाही आणि गाडी एका बाजूस ओढली जाऊ शकते. यास्तव ही जोडी एकाच जातीची असावी. शिवाय ‘९१ व्ही’ यासारखा संकेत पाहावा: ९१ म्हणजे दर टायरमागे ६१५ किलोग्रॅम भार, ‘व्ही’ म्हणजे ताशी २४० किलोमीटर वेग. या दोन्ही मर्यादा कारखान्याने नेमून दिलेल्याहून उण्या नसाव्यात.