रायपूरचा समुद्र आणि दूरस्थ नोकरी

रायपूरच्या माणसाला समुद्र पाहावयाचा असेल तर त्याच्यापुढे परंपरेने दोनच वाटा असतात. एक जगन्नाथपुरीची, जी वडीलधाऱ्यांना रुचते, आणि दुसरी विशाखापट्टणमची, जिच्याकडे तरुणांचा ओढा असतो. महासमुंद, टिटलागढ, रायगडा आणि पार्वतीपुरम यांवरून पूर्व घाट ओलांडून जाणारी ही दुसरी वाट गेल्या काही वर्षांत केवळ सहलीची राहिलेली नाही. कंपनी पुण्याची, बंगळुरूची किंवा हैदराबादची, पगार तिकडचा, परंतु कामाचे मेज मात्र हवे तेथे मांडण्याची मुभा असलेली मुले-मुली आज तात्यापारा, बूढापारा आणि चौबे कॉलनीतल्या अनेक मराठी घरांत आहेत. आणि त्यांच्यापैकी कोणी जेवणाच्या पानावर ‘या वर्षी काही महिने समुद्राकाठी राहून काम करावे म्हणतो’ असे सांगितले, की घरातील थोरांच्या मनात कौतुक आणि काळजी ही दोन्ही एकाच वेळी उभी राहतात. ही दोन्ही रास्त आहेत, आणि म्हणूनच या प्रश्नाचा थोडा सांगोपांग विचार व्हावयास हवा.

दुरून काम करणे ही महासाथीची देणगी होय असा एक सार्वत्रिक समज आहे, तो पुरता खरा नाही. जॅक निल्स या अमेरिकन अभियंत्याने १९७३ साली, कर्मचाऱ्याला रोज कचेरीपर्यंत वाहून नेण्यापेक्षा कामच त्याच्या वस्तीजवळ न्यावे हा विचार मांडून त्यास ‘टेलिकम्युटिंग’ हे नाव दिले. आणि १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी बंगळुरूस आली व येथे बसलेल्या अभियंत्यांचे काम उपग्रहाच्या मार्गाने सातासमुद्रापार जाऊ लागले, तेव्हाच काम आणि कचेरी यांची फारकत आपल्या देशात सुरू झाली होती. कायदा तेवढा मागे राहिला होता. दूरसंचाराच्या साधनांनी सेवा देणाऱ्या कंपन्यांना सरकारदरबारी स्वतंत्र नोंदणी करावी लागे, आणि कर्मचाऱ्याने घरून काम करावयाचे तर परवानगी व अनामत यांचा निराळाच जाच असे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही बंधने तात्पुरती सैल झाली आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने नवी नियमावली जारी करून नोंदणीची व अनामतीची अटच रद्द केली. देशात कोठूनही काम करण्यास त्या दिवसापासून दूरसंचार नियमांची आडकाठी उरली नाही. आता जी काही आडकाठी असेल ती मुख्यतः कंपनीच्या मर्जीची आणि करारनाम्याची.

अंतरावरून कारभार चालविणे हे मात्र या प्रांताच्या मराठी इतिहासात नवे नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या स्वारीनंतर छत्तीसगड भोसल्यांच्या प्रभावाखाली आले, आणि पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले, येथील माणसांत वावरले, रामटेकडीवर त्यांनी मंदिर बांधले. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर हा मुलूख व्यंकोजी भोसल्यांकडे आला, तेव्हा त्यांनी नागपुरासच राहून सुभेदारांमार्फत कारभार हाकणे पसंत केले. वर सुभेदार, परगण्यावर कमाविसदार, हिशेबास फडणवीस अशी ती साखळी होती. विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराने १७९० नंतर परगण्यांची नवी घडीही बसविली. वसूल गोळा झाला, दफ्तरे भरली, हुकूम पोहोचले. परंतु बिंबाजींच्या अमदानीविषयी इतिहासलेखकांनी जी आपुलकी दाखविली आहे ती सुभेदारी अमदानीच्या वाट्यास आली नाही. मला या दोन अमदानींची आठवण आजच्या दूरस्थ नोकरीच्या संदर्भात वारंवार होते, कारण दुरून काम चोख होऊ शकते याविषयी आता शंका उरलेली नाही, आणि तरीही ज्या गावात आपण राहतो त्या गावाशी जडावयाचे नाते दुरून जडत नाही. त्यासाठी तेथे बिंबाजींसारखे वसावे लागते.

विशाखापट्टणम निवडण्यास रायपूरकरापाशी एक सबळ कारण आहे, आणि ते त्या शहराच्या जन्मकथेतच आहे. तेथील बंदर ज्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या आग्रहाने उभे राहिले, तिच्यापुढे मध्यप्रांतातील खनिज, विशेषतः मँगनीज, थेट समुद्रापर्यंत नेण्याचा हेतू होता. त्याकरिता रायपूर ते विजयनगरम हा डोंगराळ लोहमार्ग १९३१ पर्यंत पुरा करण्यात आला आणि १९३३ साली बंदर जहाजांना खुले झाले. म्हणजे हे आपलेच बंदर होते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. मराठी वाचकास अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट तेथे घडली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी सिंधिया या जहाज कंपनीची गोदी तेथे उभारावयास घेतली, २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली, आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे स्वतंत्र भारतात बांधले गेलेले पहिले मोठे वाफेचे जहाज तेथूनच पाण्यात उतरले. शहराच्या एका भागाला लोक अजूनही सिंधिया म्हणूनच ओळखतात. सप्टेंबर २०२४ पासून दुर्गहून निघणारी वंदे भारत गाडी रायपूरच्या प्रवाशास दुपारी समुद्राकाठी पोहोचविते. आणि ओडिशातून जाणारा ४६४ किलोमीटरांचा नवा सहापदरी मार्ग आखताना जुन्या रस्त्याचे सुमारे १३० किलोमीटर वाचतील असा हिशेब धरलेला आहे.

आता हवामान. सर्वांत अधिक गैरसमज याच बाबतीत आहेत. पाणी जमिनीपेक्षा फार संथपणे तापते आणि संथपणेच निवते, म्हणून दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठली की समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यावयास किनाऱ्याकडे धावते. हाच तो खारा वारा. मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, रायपूरचा पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो, त्याच वेळी विशाखापट्टणमला तो बहुधा ३५ अंशांच्या आसपास घुटमळतो. हे आकडे वाचून तरुण मनुष्य हरखतो. परंतु शरीराला गारवा मिळतो तो घाम वाळल्याने, आणि हवेत आधीच पाण्याची वाफ भरलेली असेल तर घाम वाळत नाही. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांनी आणि पुढे कूलरने पिढ्यान्‌पिढ्या तो सुसह्य केला. त्या यंत्राचे सारे सामर्थ्य पाण्याच्या बाष्पीभवनात आहे. तोच कूलर किनाऱ्यावर नेला तर खोलीतील दमटपणा वाढविण्यापलीकडे तो फारसे काही करीत नाही. तेथे दिवसभर दार लावून संगणकापुढे बसावयाचे तर वातानुकूलन यंत्र लागते, आणि त्याचे वीजबिल भाड्याच्या बेरजेत पहिल्या दिवसापासून धरावे लागते. रायपुरात कूलरवर उन्हाळा काढलेल्या कुटुंबाच्या हिशेबात हा खर्च सहसा नसतो.

खाऱ्या वाऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे कण हवेतील ओलाव्याशी मिळून लोखंडाला, तांब्याला, संगणकाच्या आतील बारीक जोडण्यांना खातात. खिडकीचे गज, पंख्याची पाती, गाडीचा तळ यांवर त्याचा प्रत्यय लवकरच येतो. किनाऱ्यापासून आत जावे तसतसे हे मिठाचे प्रमाण झपाट्याने घटते, म्हणून लाटा दिसणारे पहिल्या रांगेतील घर मोहक असले तरी कामकरी माणसाने दोन-तीन रस्ते आत राहणे श्रेयस्कर. आणि समुद्राची हवा म्हणजे निर्मळ हवा हे समीकरणही तेथे सर्वत्र लागू पडत नाही. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींच्या धुराला कंटाळून निघालेल्या रायपूरकराने हे ध्यानी ठेवावे, की बंदरातील कोळशाची धूळ, तेलशुद्धीकरण कारखाना आणि पोलाद कारखाना हीदेखील त्याच शहराची अंगे आहेत. ऋषिकोंडा किंवा भीमुनिपट्टणमच्या बाजूची वस्ती या दृष्टीने बरी.

एक गोष्ट मात्र घर शोधताना कोणी विचारात घेत नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते ते रायपूर आणि विशाखापट्टणम यांच्या मधून जाते. म्हणून या दोन्ही शहरांत घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ जवळजवळ पुरा आहे, तर गोव्यात सूर्य घड्याळाच्या अर्ध्या तासाहून अधिक मागे असतो. डिसेंबरच्या आरंभी गोव्याचा सूर्यास्त सहाच्या सुमारास, आणि विशाखापट्टणमचा साडेपाचच्या आत. साहजिकच सहा वाजता काम संपविणाऱ्यास हिवाळ्यात तेथील समुद्र काळोखातच भेटेल. उलट पहाट तेथे अपूर्व असते, कारण बंगालच्या उपसागरातून सूर्य वर येतो. ज्याची कंपनी युरोपच्या किंवा अमेरिकेच्या घड्याळाने चालते, ज्याचा कामाचा दिवस दुपारी सुरू होतो, त्याच्यासाठी पूर्व किनारा जणू बेतूनच ठेवलेला आहे. आणि संध्याकाळ मोकळी असणाऱ्यास कोकण-गोव्याचा पश्चिम किनारा अधिक मानवेल. रोजचे जीवन सुखाचे की कष्टाचे हे भाड्यापेक्षा या एका गोष्टीवर अधिक ठरते असे माझे मत आहे.

संगणकजालाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १८७० साली मुंबईचे सुवेझशी तारायंत्राने समुद्राखालून नाते जडले, आणि आज समुद्राखालील काचतंतूंचे जाळे जगभर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणम येथे प्रचंड विदाकेंद्र व त्यासोबत समुद्री केबलींचे केंद्र उभारण्याची घोषणा केली. यावरून तेथे जाल अधिक वेगवान असेल अशी समजूत होते. परंतु प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे रायपूरपासून समुद्री केबली जेथे येतात त्या मुंबईपर्यंतचे अंतर त्याला सेकंदाच्या सहा सहस्रांशाएवढे. माणसाला तो फरक जाणवत नाही. जाणवतो तो घरापर्यंत आलेल्या शेवटच्या तारेचा दर्जा आणि विजेचा भरवसा. विजेच्या बाबतीत चक्रीवादळे विसरून चालणार नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ थेट या शहरावर आदळले, विमानतळाचे छप्परसुद्धा वाचले नाही, आणि वीज व दूरध्वनी पूर्ववत होण्यास कित्येक दिवस गेले. त्यानंतर काही भागांतील वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचे काम हाती घेतले गेले, ही स्तुत्य गोष्ट. तथापि ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा मुख्य हंगाम आहे, आणि त्या काळात महत्त्वाच्या कामाची मुदत येत असेल तर रायपूरला परत येऊन बसावे हे बरे.

कागदपत्रे साधी आहेत, पण ती टाळू नयेत. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये नोंदवावाच लागतो, म्हणून सर्वत्र अकरा महिन्यांच्या करारांचा प्रघात पडला आहे. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सवलत दोन्ही शहरांस सारख्याच, पगाराच्या ४० टक्क्यांच्या मर्यादेत मिळते. कंपनीची लेखी संमती मात्र घ्यावी. तोंडी परवानगी देणारा अधिकारी बदलला की ती परवानगीही बदलते.

राहता राहिला नात्यांचा प्रश्न. ज्या किनारी शहरांत बाहेरचा पैसा अकस्मात येतो तेथे भाडी चढतात आणि त्याची झळ प्रथम स्थानिक पगारदाराला व कोळ्याला लागते; गोव्यात याविषयीचा असंतोष आता उघड बोलला जातो. तेव्हा तेथे जाणाऱ्याने तेलुगू शिकावी, बाजार शेजारच्या मंडईत करावा, इमारतीच्या सभेला हजर राहावे. इकडे रायपुरातही काही कर्तव्ये उरतात. आई-वडील एकटे असतील तर त्यांचे औषधपाणी, बँकेची कामे, महाराष्ट्र मंडळातील गणेशोत्सवाची धावपळ ही दूरध्वनीवरून निभत नाही, आणि ज्या शहराने शाळा-कॉलेजची वर्षे दिली त्याला कर्त्या वयातील माणसेही हवीच असतात. सबंध वर्ष समुद्राकाठी घालविण्यापेक्षा मार्च ते मेअखेर तेथे आणि उरलेला काळ येथे ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते. आपल्याकडील उन्हाळा टळतो, वादळांचा मुख्य हंगाम टळतो, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत घर भरलेले राहते.

माझी तरुण वाचकांना एवढीच विनंती आहे, की सहलीतील डिसेंबरचा समुद्र पाहून निर्णय करू नये. मे महिन्यातील एक आठवडा आणि ऑक्टोबरातील एक आठवडा तेथे भाड्याच्या खोलीत, रोजचे काम पूर्ण वेळ करीत, काढून पाहावा. शक्य तर आई-वडिलांनाही सोबत न्यावे. आणि मगच भाडेकरारावर सही करावी.