शहराच्या सीमेवरील जमीन : बाजार, घरें कीं शेत ?

शहर वाढत वाढत गांवाच्या शिवाराला भिडलें म्हणजे तेथील शेतकऱ्यापुढें प्रश्न उभा राहतो, कीं आपल्या जमिनीवर दुकानें व कचेऱ्या होऊं द्याव्या, घरें बांधूं द्यावीं, कीं तींत पीकच काढीत राहावें. बहुधा या प्रश्नाचें उत्तर दलालच देऊन टाकतो व शेतकरी खालीं सही करतो. म्हणून त्याचा थोडा ऊहापोह येथें करण्याचें योजिलें आहे.

नगरपालिकेस बाजारपेठ आवडते. कारण उघड आहे : दुकानांवरील कर राहत्या घरांपेक्षां जबर असतो, आणि दुकानांस शाळा लागत नाहींत. घरें झालीं कीं पाणी, शाळा, दवाखाना सर्वच पुरवावें लागतें. शेताकडून करापोटीं फारसें कांहीं येत नाहीं. पण तें गटारही मागत नाहीं व दिवाही मागत नाहीं, उलट पावसाचें पाणी मुरवून आसपासच्या विहिरी जगवितें. हा लाभ कोणत्याही जमाखर्चांत मांडलेला आम्हीं पाहिला नाहीं !

पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथील मगरपट्ट्याचें उदाहरण या बाबतींत विचार करण्यासारखें आहे. तेथें सुमारें ४०० एकर सलग जमीन शंभरावर शेतकरी कुटुंबांच्या मालकीची होती. १९८२ सालीं पुण्याच्या विकास आराखड्यांत ती पुढें शहर वसण्याजोगी म्हणून दर्शविली गेली. तुकड्यातुकड्यांनीं विकली असती तर प्रत्येकाच्या हातीं एकदांच रोकड पडती. तसें न करितां श्री. सतीश मगर यांच्या पुढाकारानें त्यांनीं जमीन एकत्र केली, कंपनी स्थापिली, व ज्याची जेवढी जमीन त्या प्रमाणांत त्यास भाग दिले. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालें. घरें व संगणकाच्या धंद्याच्या कचेऱ्या एकाच आंखणींत बसविल्या, आणि कित्येक शेतकरी त्याच कामांत ठेकेदार बनले.

मालक टिकला, शेत मात्र टिकलें नाहीं. उंसाची ती जमीन कायमची गेली, आणि भाग मालकीवर ठरल्यामुळें नुसत्या मजुरीवर जगणाऱ्यांस त्या हिशेबांत स्थान नव्हतें.

आमच्या मतें ही एकजूट याहून एक पाऊल पुढें नेतां येईल. बहुतेक शिवारांत माळही असतो व काळीही असते. माळावर बांधावें, काळींत भाजीपाला करावा, हें सर्वांस पटतें. पण माळवाल्यास लाखों रुपये मिळत असतां काळीवाल्यानें मेथीच कां विकावी? माळाच्या उत्पन्नांत त्यासही वांटा मिळाला तरच तो काळी राखील. जमिनींची फेरआंखणी करून खर्च व लाभ मालकांत वांटण्याची नगररचना योजनेची पद्धत १९१५ च्या मुंबई कायद्यापासून चालत आली असून १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांतही ती कायम आहे. तिच्या धर्तीवर मालकांनीं आपसांत करार करण्यास हरकत नसावी. मात्र हें सर्व पहिलें खरेदीखत होण्यापूर्वीं करावयास पाहिजे. मधलाच एक तुकडा परक्याकडे गेला कीं वाट, पाट व विहीर या तिहींचेही तंटे सुरू होतात, आणि मग दहा सातबारे एका ठिकाणीं आणणेंही कठीण होऊन बसतें.