बाहुली आणि पाठ : परिचारिकेच्या नोंदीविषयी

बेशुद्ध रुग्णाच्या खाटेशी आपण डॉक्टर मंडळी दिवसातून फार तर दोन-तीन वेळा जातो, तेही काही मिनिटांपुरते. उरलेल्या काळात त्याच्या शरीरात जे घडते ते परिचारिका पाहते आणि तक्त्यावर उतरवते. तो तक्ता वाचण्याजोगा लिहिला जातो का आणि आपण तो खरोखर वाचतो का, यावर कित्येकदा रुग्णाचे भवितव्य ठरते.

डोक्याला मार लागून कवटीत रक्त साठू लागले की मेंदूचा भाग खाली सरकतो आणि तिसऱ्या मस्तिष्क-चेतेवर दाब येतो. बाहुली आकुंचित करणारे तंतू या चेतेच्या पृष्ठभागालगत असल्याने तेच आधी दबतात. परिणामी बहुधा त्याच बाजूची बाहुली प्रथम मंदावते, मग विस्फारते आणि शेवटी प्रकाशाला दाद देईनाशी होते. दर नोंदीत 'दोन्ही समान, प्रतिसाद आहे' हे ठरीव वाक्य असेल, तर हा क्रम कोणालाच दिसत नाही. याउलट रात्री १० वाजता उजवी ३ मिलिमीटर, डावी ३, दोन्ही तत्पर. ११ वाजता उजवी ४, मंद. सव्वाअकराला उजवी ५, अतिमंद, अशी नोंद असेल तर निवासी डॉक्टरला उठवायला दुसरे कारण शोधावे लागत नाही. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या शुद्धीच्या मोजपट्टीत बाहुल्यांना स्थान नव्हते; २०१८ मध्ये प्रतिसाद न देणाऱ्या प्रत्येक बाहुलीमागे एकूण गुणांतून एक गुण वजा करण्याची पद्धत मांडली गेली.

तपासताना खोलीतला उजेड कमी करावा, आधी आकार पाहावा आणि मग टॉर्च बाजूने डोळ्यावर आणावा. अंदाजाऐवजी मापपट्टी वापरावी. सुमारे पाचांपैकी एका निरोगी माणसाच्या बाहुल्यांत किंचित फरक असतोच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाहुली वेडीवाकडी राहू शकते. कीटकनाशकाच्या विषबाधेत ती टाचणीच्या टोकाएवढी होते, तर अॅट्रोपिन दिल्यावर विस्फारते. म्हणून दाखल होतानाची पहिली नोंद आणि दिलेली औषधे तक्त्यावर हवीतच.

आता पाठ. शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे मत होते. ते आज जसेच्या तसे मान्य करणे कठीण आहे. एका सिस्टरकडे किती खाटा आहेत, हे न विचारता दोष देणे सोपे असते! पण 'पाठ ठीक' एवढी नोंद करून भागत नाही, हे मात्र खरे. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दबून रक्तपुरवठा तुटतो. पहिल्या पायरीवर त्वचा अखंड असते, पण तिथली लाली बोटाने दाबली तरी फिकी पडत नाही. पाठ्यपुस्तकांतील चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची; आपल्या सावळ्या रुग्णांत लाली दिसतेच असे नाही, तिथे हात लावून ऊब, कठीणपणा व दुखरेपणा पाहावा लागतो. माकडहाड, टाचा, खुबे यांबरोबरच डोक्याची मागची बाजू आणि प्राणवायूच्या मास्कखालची त्वचाही पाहावी. जुन्या सवयीने लाल जागेवर स्पिरिट-पावडर चोळली जाते, ती थांबवावी. चोळण्याने दबलेल्या पेशींना अधिकच इजा होते.

धोका आधीच ओळखण्यासाठी १९६२ ची नॉर्टन मोजपट्टी आणि १९८७ ची ब्रेडन मोजपट्टी उपलब्ध आहेत. ब्रेडनमध्ये १८ किंवा कमी गुण आले की सावध व्हावे. व्रण झालाच तर जागा, लांबी, रुंदी व खोली सेंटिमीटरमध्ये, तळाचा रंग, स्राव आणि कडेची त्वचा लिहावी. तळ काळ्या खपलीने झाकला असेल तर पायरी ठरवता येत नाही, तसेच लिहावे. चौथ्या पायरीचा व्रण भरत आला म्हणजे तो तिसऱ्या पायरीचा होत नाही. तो 'भरत असलेला चौथ्या पायरीचा' असतो.

कूस बदलल्याच्या नोंदी पाळी संपताना एकाच शाईने, दोन-दोन तासांच्या अंतराने भरलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. राउंडला रुग्णाला स्वतः कुशीवर वळवून पाहणारा डॉक्टर असला की अशा नोंदी कमी होतात. घरी पाठवतानाही एक साधा तक्ता नातेवाइकांना द्यावा; आमच्या सीमाभागात तो मराठीत आणि कन्नडमध्ये असावा. किती वाजता, कोणत्या कुशीवर, दाबल्यावर लाली गेली का, हे तीन रकाने पुरेत.