फाटकी, फाटलेली, फाडलेली

सकाळी साडेनऊला ज्या वाक्यापाशी बसलो, त्याच्याशी दुपारी जेवायला उठेपर्यंत झटत होतो. वाक्य जेमतेम दीड ओळीचं. रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियम, २००९ मधली एक व्याख्या. ग्राहकांसाठीच्या माहितीपत्रकात ती मराठीत द्यायची होती. 'इम्परफेक्ट नोट', म्हणजे सदोष नोट, कशाला म्हणायचं? इंग्रजीचा सांगाडा असा: कोणतीही नोट, 'विच इज होली ऑर पार्शली', आणि मग ओळीनं पाच शब्द. ऑब्लिटरेटेड, श्रंक, वॉश्ड, ऑल्टर्ड, इनडिसायफरेबल. शेवटी पुस्ती, की यात 'म्यूटिलेटेड' नोट धरायची नाही.

शाळेतलं व्याकरण काढलं तर अवघड काहीच नाही. 'विच'पासून सुरू होणारं संबंधी उपवाक्य, त्यात एक 'इज', आणि त्या एका खुंटीला अडकवलेले पाच सदरे. पण सदरे एका मापाचे नाहीत. वॉश्ड आणि ऑल्टर्ड ही क्रियापदाची कर्मणी रूपं. कोणी तरी धुतली, कोणी तरी फेरफार केला. श्रंकचं तसं नाही. नोट सहसा कोणी आकसवत नाही, ती आकसते. इनडिसायफरेबल तर सरळसोट विशेषण, त्याच्यामागे घडलेली क्रियाच नाही. इंग्रजीला या भेसळीचं काही वाटत नाही. वॉश्डच्या आधी तोच 'इज' कर्मणी प्रयोगाचा मदतनीस होऊ शकतो आणि इनडिसायफरेबलच्या आधी नुसता 'आहे'. एका पगारात दोन नोकऱ्या.

वॉश्ड हे क्रियापद की विशेषण, हे इंग्रजीतही नेहमी ठरवता येतं असं नाही. एक ढोबळ युक्ती मी वापरतो: आधी 'अन' लावून बघायचं. 'अनवॉश्ड' म्हणजे न धुतलेलं, पण 'अनवॉश करणं' अशी क्रिया जगात नाही. म्हणजे तिथे विशेषणच. 'अन' नसेल तर मात्र अंदाजपंचे.

मराठीत असं मोघम राहता येत नाही. प्रत्येक सदऱ्याला वेगळी खुंटी ठोकावी लागते.

पहिलाच शब्द अडला. ऑब्लिटरेटेड म्हणून 'पुसलेली नोट' लिहिलं आणि डोळ्यांपुढे फडक्यानं नोट पुसणारा दुकानदार आला. इंग्रजीत नोटच ऑब्लिटरेट होते. आपल्याकडे नोट पुसली जात नाही, तिच्यावरचा मजकूर पुसला जातो. 'पुसट' लिहावं तर ते फार सौम्य, पुसट अक्षर अजून वाचता येतं. शेवटी 'मजकूर पुसला गेलेली' असं केलं.

वॉश्डनं तर चकवाच दिला. 'धुतलेली नोट' म्हटलं की मराठी माणसाला धुतल्या तांदळाची आठवण येणार, म्हणजे दोषाऐवजी गुणच वाटणार. शिवाय धुतलेली म्हणजे कोणी तरी मुद्दाम धुतलेली. प्रत्यक्षात काय होतं? शर्टाच्या खिशात नोट राहते, शर्ट धुण्यात जातो, दोरीवर वाळत घालताना कोणाच्या तरी तोंडून हाय हाय निघते. अशा वेळी आपण म्हणतो, 'अगं, धुतली गेली.' हा 'गेली' फार कामाचा. नव्या कर्मणी प्रयोगातलं हे 'जाणे' इंग्रजी वळणाचं म्हणून मी एरवी खोडतो. 'त्यांच्याकडून पत्र लिहिलं गेलं' यातला 'गेलं' मला आजही खडा लागल्यासारखा टोचतो. पण बोलण्यातलं हेच 'जाणे' दुसरंही काम करतं. 'माझ्याकडून बोललं गेलं' म्हणणारा माणूस, मनात नव्हतं, हे सांगत असतो. नोटेलाही ते लागू. 'धुतली गेलेली' ठेवली.

आणि ऑल्टर्ड. इथे मी सपशेल पडलो. पहिल्या मसुद्यात 'बदललेली नोट' लिहून मोकळा झालो होतो. मुद्रितशोधकांचा फोन आला.

"अहो, बदललेली म्हणजे बदलून घेतलेली ना? मग तो परत बँकेत कशाला येईल?"

मी पेन्सिलनं 'फेरफार केलेली' लिहिलं. हा शब्द आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरातून आलेला. सातबाऱ्यावरच्या फेरफारात वावगं काहीच नसतं, नोटेवरच्या फेरफारात असतं. चालेल म्हटलं.

'होली ऑर पार्शली'ची गंमत वेगळी. इंग्रजीत ते दोन शब्द पाचांच्या डोक्यावर छत्रीसारखे उभे राहतात. मराठीत 'पूर्णतः किंवा अंशतः' सुरुवातीला लिहिलं की वाचणारा ते फक्त पहिल्या शब्दाला चिकटवतो, पुढचे चार उघड्यावर. म्हणून वाक्य उलटं केलं: 'जी नोट पुढीलपैकी कोणत्याही प्रकारे, पूर्णतः किंवा अंशतः, सदोष झाली आहे ती', आणि प्रकार मागून. 'जी-ती'ची जोडी जुनी असली तरी अशा वेळी तिच्यासारखी भक्कम काही नाही. विशेषणांची पाच डब्यांची मालगाडी नावाच्या पुढे जोडली की इंजिन दिसेपर्यंत वाचणारा फाटकापाशीच ताटकळतो.

पण खरी कसोटी पुस्तीतल्या नोटेची होती. म्यूटिलेटेड, म्हणजे जिचा भाग गहाळ आहे किंवा जी दोनपेक्षा जास्त तुकड्यांची आहे. काउंटरवर अशी नोट आली की कोणी 'विच इज म्यूटिलेटेड' म्हणत नाही, 'फाटकी आहे' म्हणतात. मळकी, फाटकी, फुटकी, तुटकी, पडकी, कुजकी, नासकी. मराठीत ही 'का'कारान्त विशेषणं आपोआप घडणाऱ्या क्रियांपासून होतात. फाटणे आहे म्हणून फाटका आहे. फाडणे असूनही 'फाडका' नाही. तोडण्यापासूनचा 'तोडका' तेवढा सापडतो, तोही मोडक्याचा हात धरून, आणि आपण तो बहुधा इंग्रजीसाठीच वापरतो: मोडकंतोडकं इंग्रजी.

म्हणजे इंग्रजीच्या एका 'टॉर्न'साठी आपल्याकडे तीन शब्द. फाटकी ही स्थिती. फाटलेली म्हणजे काही तरी झालं. फाडलेली म्हणजे कोणी तरी केलं. शेवटच्या दोघींत फरक 'ट'चा 'ड' होण्याइतका.

तो केवढा, ते शेजारच्या काकांनी दाखवलं. एका बँकेत रोखपाल म्हणून त्यांचा जन्म गेला. जेवणानंतर मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, ड्रॉवरमधून दहाची एक जुनी नोट काढली आणि खिडकीशी धरली. घडीवर झिजून तिची कड सुटली होती. कडेला कापसाचे बारीक तंतू पिंजारलेले. आपल्या नोटेचा कागद कापसाचाच. मग एका कागदाला कात्री लावून त्यांनी तो शेजारी धरला. कड दाढी केल्यासारखी गुळगुळीत.

"ही फाटली," काका म्हणाले, "आणि ही अशी आली की समजायचं, कोणी तरी उद्योग केलाय. आम्ही आधी कड बघायचो, मग माणूस."

नियमही तेच बघतो. पन्नास किंवा त्याहून जास्त किमतीच्या फाटक्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काही नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतरचं हे माप. वीस व त्याखालच्या नोटेला निम्म्याहून जास्त तुकडा पुरतो. पण खोटा दावा करता यावा म्हणून नोट मुद्दाम कापली, फाडली किंवा तिच्यात फेरफार केला असेल, तर पट्टी लावून मोजायची गरजच उरत नाही, दावा फेटाळला जातो. हे मागणाऱ्यानेच केलेलं असावं लागतं असंही नाही. इंग्रजीला तिथे 'डेलिबरेटली' हे वेगळं क्रियाविशेषण जोडावं लागलं. मी मराठीत 'हेतुपुरस्सर फाडलेली' लिहिलं, पण खरं सांगायचं तर 'हेतुपुरस्सर' नसतं तरी बराच अर्थ 'ड'नंच सांभाळला असता.

निघताना काकांनी आणखी एक काडी टाकली. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २८ मध्ये 'लॉस्ट, स्टोलन, म्यूटिलेटेड ऑर इम्परफेक्ट' अशीच रांग आहे: तीन धातुसाधितं, एक विशेषण. अशा नोटेची किंमत हक्क म्हणून मागता येत नाही, बँक देते ती मेहेरबानी. "स्टोलनला काय लिहाल?" मी पटकन म्हटलं, चोरलेली. काका हसले. चोरलेली नोट चोराच्या खिशात असते. बँकेत रडत येतो त्याची चोरीला गेलेली असते.

संध्याकाळी मसुदा पाठवला. मराठी व्याख्या इंग्रजीहून बरीच लांब झाली होती. ती दोन ओळींत बसवा, असा निरोप आला. मी बसवली नाही.