वशिला ते परीक्षा : मुलकी सेवेतील नेमणुकांचा मागोवा

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी सेवेत शिरण्यासाठी १८५५पूर्वी लंडनमधल्या एखाद्या संचालकाची मर्जी लागे. नव्या जागा २४ संचालकांत वाटल्या जात आणि मग पुतणे, भाचे, मित्रांची मुले यांची वर्णी लागे. संचालकपदाचा पगार किरकोळ होता; खरे मोल या वाटपाच्या हक्काला होते. जागा विकायला बंदी असूनही दलालांमार्फत त्या विकल्या गेल्याचे १८०९च्या संसदीय चौकशीत उघड झाले. निवडलेल्या मुलांसाठी कंपनीने १८०६मध्ये कॉलेज काढले. पुढे ते हेलीबरी म्हणून प्रसिद्ध झाले. तिथे माल्थससारखा अर्थशास्त्रज्ञ शिकवत असला, तरी प्रवेश चिठ्ठीवरच मिळे.

एका जागेला चार उमेदवार सुचवून त्यांतून चांगला निवडावा, अशी तरतूद १८३३च्या सनदी कायद्यात होती. संचालकांनी ती बासनात बांधायला लावली. अखेर १८५३च्या कायद्याने संचालकांचा वाटपाचा हक्क काढून घेतला, मेकॉले समितीने १८५४मध्ये आराखडा दिला आणि पुढच्या वर्षी पहिली खुली परीक्षा झाली.

परीक्षेने संचालकांचे भाचे दूर ठेवले खरे. पण परीक्षा लंडनमध्ये, विषय बहुतांशी इंग्लंडातल्या शिक्षणाचे. गुणवत्ता कशाला म्हणायचे हे ठरवण्याची सत्ता राज्यकर्त्यांकडेच राहिली. १८६३मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले आणि मुंबई इलाख्यात आले. त्यानंतर संस्कृत व अरबीचे गुण घटवण्यात आले. १८६९मध्ये उत्तीर्ण झालेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर यांना वयाच्या कारणावरून वगळले गेले. भारतात वय सांगताना तेव्हा चालू वर्षही मोजत, एवढाच तो घोळ! बॅनर्जी न्यायालयात गेले आणि दोघांनाही जागा परत मिळाल्या. सुरुवातीला २३ असलेली कमाल वयोमर्यादा मात्र उतरत उतरत १८७०च्या दशकाअखेर १९वर आली. त्या वयात समुद्रापार जाऊन परीक्षा देणे किती भारतीय मुलांना जमणार होते?

त्याच सुमारास, १८७९मध्ये, व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने काही जागा घरंदाज भारतीयांना नेमणुकीने देण्याची सोय केली. म्हणजे परीक्षेची वाट अरुंद करायची आणि शेजारीच मर्जीचे दार उघडायचे. सुशिक्षितांना हा अपमान वाटला, आणि तो होताच. सरकारी सेवांचा विचार करणाऱ्या एचिसन आयोगाच्या शिफारशीनंतर ही सोय मोडीत निघाली. भारतातही एकाच वेळी परीक्षा घ्यावी, असा ठराव ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने १८९३मध्ये मंजूर केला. दादाभाई नौरोजी तेव्हा सभासद होते. सरकारने तो अमलात आणला नाही. भारतात परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडले, आणि लोकसेवा आयोग आला १९२६मध्ये.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ३१५ ते ३२३ या अनुच्छेदांत केंद्र व राज्यांच्या आयोगांना स्थान दिले. नोकरभरतीच्या परीक्षा आयोग घेतो, पण त्याची शिफारस सल्ल्याच्या स्वरूपाची असते. कोणत्या बाबतींत आयोगाला विचारायचे नाही हे नियमाने ठरवण्याची मुभाही अनुच्छेद ३२०ने दिली आहे. महामंडळांच्या अध्यक्षपदांसारख्या राजकीय नेमणुकांना तर स्पर्धा परीक्षाच नसते.