काचेपलीकडचे अडकित्ते

पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत, वज्र्या आहेत, दिवे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या हाताळून गुळगुळीत झालेल्या या वस्तू दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, यांनी १९२०च्या सुमारापासून जमवल्या आणि बालपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. आज संग्रह वीस हजारांच्या वर आहे. मांडलेल्या वस्तू अडीच हजारांच्या आसपास. पण काचेआडचा अडकित्ता अंध मुलाच्या काय कामाचा?

इंग्लंडमधल्या संडरलँडच्या संग्रहालयाने हा प्रश्न १९१३ मध्येच सोडवला होता. जे. ए. चार्ल्टन डीस या तिथल्या प्रमुखाने अंधशाळेच्या मुलांना बोलावून वस्तू त्यांच्या हातात दिल्या. नंतर त्या मुलांनी, जे चाचपलं ते मातीत घडवलं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात स्पर्शाने पाहायचं ‘अनुभव’ दालन आलं ते २०१५ मध्ये.

पुण्यात दिव्यांग मुलांसाठी काहीच नाही, असं मात्र नाही. गणेशखिंडीत राजभवनाजवळची बालकल्याण संस्था सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून दिव्यांग मुलांना पोहणं, खेळ, संगीत, चित्रकला असं सगळं देते. विशेष शाळांची मुलं तिथे येतात. खरी अडचण पुढची आहे. अठराव्या वर्षी शाळा सुटते आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलामुलींसमोर एक तर कार्यशाळा उरते, नाही तर घर. कार्यशाळेत दिवाळीच्या पणत्या रंगतात, पाकिटं होतात. आपण ती कौतुकाने घेतो (थोडी दयेनेही, कबूल करू या). हे काम मोलाचं आहेच, पण नमुना दुसऱ्याचा आणि मुदत दिवाळीची. स्वतःला सुचेल ते करायला जागा कुठे आहे?

अमेरिकेतल्या ओकलंडला १९७४ पासून अशी जागा आहे, ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’. ज्युडिथ स्कॉट १९८७ मध्ये तिथे आली. डाउन सिंड्रोम, जोडीला बहिरेपण. आयुष्याची पस्तीसेक वर्षं संस्थांमध्ये बंद. जवळपास दोन वर्षं तिचं मन कशातच रमलं नाही. मग धागा हाती आला आणि ती वस्तूंना दोरे गुंडाळत गेली. २०१४ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयाने तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. म्हणून ३ डिसेंबरच्या दिव्यांगदिनी काढलेली संग्रहालयाची सहल मला पुरेशी वाटत नाही. रांग, फोटो, खाऊ आणि परत बस. हवं आहे ते संग्रहालयातलं नियमित कलामंडळ. म्हणजे तीच मुलं, तीच वस्तू, पुन्हापुन्हा. आणि दोन वर्षं काहीच घडलं नाही तरी ते बंद न करणारी माणसं.

कायदाही याच बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम २९ कला दिव्यांगांच्या आवाक्यात आणायला, दिव्यांग कलावंतांना साहाय्य द्यायला, इतकंच काय, दिव्यांगांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारायलाही सरकारला सांगतं. रॅम्पची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. या कलमाची फारशी होत नाही.

पुण्याच्या संग्रहालयांना एवढीच विनंती आहे. कोठारात पडून असलेल्या साध्या, दणकट वस्तूंपैकी पंचवीस-तीस बाजूला काढा. दुर्मीळ असतील त्यांच्या प्रतिकृती करा. तळमजल्यावर एक खोली, लांब टेबल, माती, कागद, धागा आणि दर महिन्याचा ठरलेला एक दिवस द्या. मुलं कुठून आणायची, हे शहरातल्या विशेष शाळा सांगतील. अठरा वर्षांवरच्यांना आधी बोलवा.