ईमेलवरील डिजिटल स्वाक्षरी
डिजिटल स्वाक्षरी केली की ईमेल गुप्त होतो, असा समज बराच रूढ आहे. प्रत्यक्षात तिच्यामुळे पाठवणाऱ्याची ओळख पटते आणि मजकूर वाटेत बदललेला नाही याची खात्री होते, पण तो वाचण्यास कोणालाही अटकाव होत नाही. वीजमीटरचे आकडे काचेतून कोणीही वाचू शकतो, मात्र मीटर उघडल्यास तुटलेल्या सीलवरून ते कळते, तसाच हा प्रकार आहे.

शेकडो बिले आपोआप पाठवायची असतात तेव्हा स्वाक्षरीचे काम स्क्रिप्ट (नेमून दिलेली कामे क्रमाने करणारा छोटा प्रोग्राम) करते. ती मजकुराचा हॅश (गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, एसएचए-२५६ पद्धतीत २५६ बिटांचा) काढते आणि खासगी किल्लीने (केवळ पाठवणाऱ्याकडे असलेल्या गुप्त संख्येने) त्यावर स्वाक्षरी करते. चुका होतात त्या बहुधा गणितात नव्हे, तर क्रमात: स्वाक्षरीनंतर मधल्या सर्व्हरने तळटीप जोडली किंवा ओळीअखेरची अदृश्य चिन्हे बदलली, तर अर्थ तसूभरही न बदलता पडताळणी फसते. एस/माइम या प्रचलित पद्धतीत तर विषयाची ओळ सहसा स्वाक्षरीच्या कक्षेबाहेरच राहते, आणि ही उणीव सहज नजरेआड होते.

खासगी किल्ली स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवणे सोयीचे वाटले तरी धोक्याचे असते, कारण ती फाइल हाती लागलेल्या कोणालाही त्याच नावाने स्वाक्षरी करता येते. गुप्तता हवी असल्यास प्राप्तकर्त्याच्या सार्वजनिक किल्लीने (त्याच्या खासगी किल्लीशी जोडलेल्या, सर्वांना खुल्या संख्येने) संदेशाचे कूटलेखन (केवळ त्यालाच वाचता येईल असे रूपांतर) स्वतंत्रपणे करावे लागते.